वाड्यातल्या दोन खोल्यांचं भाडं १४० वरून ६,५०० करायची नोटीस आली आहे, उत्तर काय द्यायचं?

माजघर

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल.

आम्ही शनिवार पेठेतल्या एका वाड्यात, पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहतो. पानशेतच्या पुरात नदीकाठचं आधीचं बिऱ्हाड वाहून गेलं आणि माझ्या आजेसासऱ्यांनी १९६२ मध्ये या खोल्या महिना ३२ रुपयांनी घेतल्या. तेव्हापासून घर हेच. माझं लग्न होऊन मी आले ती याच जिन्यावरून. मिस्टर २०१७ साली गेले. सासूबाई गेल्या वर्षी जानेवारीत गेल्या. आता मी आणि माझा मुलगा, तो बारावीला आहे. मी एका दवाखान्यात रिसेप्शनला काम करते.

भाडं महिना १४० रुपये. या मार्चपर्यंत जुन्या मालकांचे पुतणे दर तीन महिन्यांनी येऊन घेऊन जायचे आणि पावती द्यायचे. पावतीवर नाव सासूबाईंचं, कारण सासरे गेल्यावर मालकांनी त्यांचं नाव लावलं होतं. त्या गेल्यावर नाव बदलून द्या असं मी दोनदा म्हटलं. "बघू, घाई काय आहे" एवढंच उत्तर मिळालं.

एप्रिलमध्ये वाडा विकला. आम्हाला कोणी काही सांगितलं नाही, खालच्या काकूंकडून कळलं. एप्रिलपासून भाडं न्यायला कोणी आलंच नाही. ४ ऑगस्टला नव्या मालकाच्या वकिलाची नोटीस आली. त्यात लिहिलं आहे:

१ सप्टेंबरपासून भाडं महिना ६,५०० रुपये. "बाजारभावाप्रमाणे" मागच्या ३६ महिन्यांचा फरक २,२८,९६० रुपये. मूळ भाडेकरू मयत असल्यामुळे माझा ताबा बेकायदेशीर. तीस दिवसांत पैसे भरा, नाहीतर खोल्या रिकाम्या करून द्या.

नोटिशीनंतर चौथ्या दिवशी त्यांचा माणूस घरी आला. वागायला नम्र होता, चहाही घेतला. सोबत पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला ११ महिन्यांचा करार होता. म्हणाला, "ताई, कोर्टकचेरीत तुम्ही कशाला पडता? यावर सही करा, साहेब साडेतीन हजारांत मानतील. नुसती फॉर्म्यालिटी आहे." मी म्हटलं, मुलाला विचारून सांगते. तो कागद ठेवून गेला. तेव्हापासून तो फ्रिजवर पडलाय आणि येता-जाता माझी नजर तिकडे जाते.

खरं सांगते, सही करावी असं दोन रात्री वाटलं. साडेतीन हजार ओढाताण करून देता येतील. या भागात एवढ्या पैशांत कुठे काय मिळणार? मुलाची शाळा, क्लास, माझं काम, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मालक असं एकदम भाडं वाढवू शकतो का? सासूबाई गेल्या म्हणून आमचा हक्क खरंच संपला का? आणि त्या करारावर सही केली तर काय होईल?

सासूबाईंनी सगळ्या पावत्या बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. जुन्या मालकांची तिकिटावर आडवी केलेली जांभळ्या शाईची सही आहे. अजून सगळ्या लावून पाहिलेल्या नाहीत.

नारायणपेठी

ताई, आधी तो करार फ्रिजवरून काढा आणि कपाटात कुलपात ठेवा. फाडू नका, कारण तुम्हाला फसवून सही घ्यायचा प्रयत्न झाला याचा तो पुरावा आहे. सही मात्र अजिबात करू नका.

आमच्या वाड्यात हेच झालं. आम्ही अकरा बिऱ्हाडं होतो. चौघांनी "फॉर्म्यालिटी"वर सह्या केल्या. त्या कागदाचं नाव होतं लिव्ह अँड लायसन्स. त्यावर सही केली की तुम्ही स्वतःच लिहून देता की आपण भाडेकरू नाही, मालकाच्या परवानगीने ११ महिने राहणारे आहोत. साठ वर्षांचं संरक्षण त्या एका सहीने गेलं. अकरा महिने संपले की मालक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि तिथे बाजू मांडायचीच झाली तर आधी परवानगी मागावी लागते. मुदत संपल्यावर राहिलात तर दुप्पट दराने भरपाई लागते. आमचे ते चारही शेजारी दीड वर्षाच्या आत बाहेर पडले. त्यातल्या एका आजींना मी टेम्पोत बसवून दिलं. तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ते मी विसरू शकत नाही, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

सासूबाई गेल्या म्हणून हक्क संपला, हे साफ खोटं आहे. राहत्या जागेचा भाडेकरू गेला की त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारं कुटुंबातलं माणूस भाडेकरू होतं. कायद्यातल्या भाडेकरूच्या व्याख्येतच हे आहे, कलम ७ चं पोटकलम १५. तुम्ही सूनबाई, त्याच घरात, त्यांच्यासोबत राहत होतात. रेशन कार्ड, आधारवरचा पत्ता, मुलाचा शाळेचा दाखला, गॅसचं कार्ड, लाइटबिल, मतदार यादी, जे जे मिळेल ते काढून ठेवा. सासूबाईंच्या मृत्यूच्या आधीच्या तारखांचे कागद जास्त महत्त्वाचे. पावतीवर तुमचं नाव लावून न दिल्यामुळे हक्क जात नाही.

आणि भाडं पाठवायला आजच सुरुवात करा. तो घेत नाही, तर मनीऑर्डर करा. घेतली तर पोच येईल. नाही घेतली तर "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत येईल, आणि आमच्या केसमध्ये पोचेपेक्षा तो शेराच जास्त कामाला आला.

वाकडकर

विषय थोडा वेगळा आहे पण नोटिशीचाच आहे म्हणून इथेच विचारतो. आम्ही वाकडला फ्लॅटमध्ये नोंदणीकृत करारावर राहतो. ११ महिन्यांपैकी पाच झालेत आणि मालक म्हणतात पुढच्या महिन्यापासून दोन हजार जास्त. कायद्यातली ४ टक्क्यांची वाढ आम्हाला लागू आहे का?

नारायणपेठी

नाही. ती वाढ भाडेकरूंसाठी आहे, लायसन्सवाल्यांना नाही. तुमचा करार हाच तुमचा आधार. मुदतीत वाढ लिहिलेली नसेल तर मुदत संपेपर्यंत कराराचाच आकडा. मालकाला तसं व्हॉट्सअॅपवर नाही, ईमेलवर शांतपणे कळवा. पण मुदत संपल्यावर नूतनीकरण करायलाच पाहिजे असं त्यांच्यावर बंधन नाही. तेव्हा वाटाघाट करा किंवा घर शोधा. आणि ताईंचा धागा आहे, तुमच्यासाठी वेगळा काढा म्हणजे उत्तरं सरमिसळ होणार नाहीत.

जुना बेलिफ

मी कोर्टात बेलिफ होतो. समन्स बजावणं आणि शेवटी ताबा वॉरंट घेऊन दाराशी उभं राहणं, आयुष्यभर हेच केलं. मी वकील नाही. पण लोक कुठे हरतात ते मी दारात उभं राहून पाहिलं आहे. ते सांगतो.

मुली, तुझा पहिला प्रश्न. मालकाला एकदम ६,५०० मागता येत नाहीत. तुमची जागा भाडे नियंत्रणाखालची आहे. हा कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. कलम ११ नुसार मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. शिवाय घरपट्टीसारखे कर वाढले तर जितके वाढले तितका भार तो तुमच्याकडून घेऊ शकतो. तुमच्या लेखी संमतीने त्याने जागेत सुधारणा केली तर त्याचा काही भाग. बाजारभाव हा शब्द तिथे कामाचा नाही.

मालकांच्याही बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती खरी आहे. जुन्या कायद्यात प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधलेलं होतं. साठ वर्षांत चहा आण्यावरून रुपयांवर गेला, भाडं मात्र जागच्या जागी. घरमालक सुप्रीम कोर्टात गेले आणि डिसेंबर १९९७ मध्ये कोर्टाने सांगितलं की हे असं गोठवून ठेवणं आता न्याय्य राहिलेलं नाही. त्यानंतरच हा नवा कायदा आणि ही ४ टक्क्यांची वाढ आली. म्हणून भाडेकरूने "मी १४० च देणार, एक पैसा जास्त नाही" असं अडून बसू नये. मालकाचे ४ टक्के त्याला द्या, म्हणजे त्याच्या हातात काही उरत नाही.

आता काम. डब्यातून मार्च २००० च्या आसपासची पावती शोध. तिथला आकडा धर आणि दरवर्षी ४ टक्के लावून आजपर्यंत ये. मूळ रकमेवर धरून एकदा कर, वाढत्या रकमेवर धरून एकदा कर. वाढत्या रकमेवरचा आकडा मालकाला सगळ्यात सोयीचा. तोही ६,५०० च्या आसपास येणार नाही, हे पावती न बघता सांगतो.

३६ महिन्यांच्या फरकाचं भय मनातून काढ. त्याने वाडा एप्रिलमध्ये घेतला. वाडा विकत घेण्याआधीच्या थकबाकीवर नव्या मालकाचा आपोआप हक्क येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तसं स्पष्ट आहे. आणि मार्चपर्यंतच्या पावत्या तुझ्याकडे आहेत, म्हणजे थकबाकी नव्हतीच. त्याने तीन वर्षांचा आकडा का घातला? भाडेवसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, म्हणून ३६. एकदा मोठा आकडा बघितला की माणूस साडेतीन हजारांना हो म्हणतो. मी अशी माणसं बघितली आहेत, ती वाईट नसतात, घाबरलेली असतात.

त्याची तीस दिवसांची मुदतही धरू नकोस. भाडं थकलं या कारणावरून ताब्याचा दावा लावायचा असेल तर कलम १५ प्रमाणे लेखी नोटिशीनंतर पूर्ण ९० दिवस जावे लागतात. त्यानंतर दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळं थकलेलं भाडं, कायद्याने होणारी वाढ, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढे दर महिन्याला भरत राहिलं, तर त्या कारणावरून घर जात नाही.

लोक नेमके इथेच हरतात. समन्स घेऊन गेलो की म्हणायचे, "साहेब घरात नाहीत, नंतर या." दार लावून घ्यायचे. त्यांना वाटायचं, कागद घेतला नाही म्हणजे दावाच नाही. मग मी पंच बोलवून दाराला समन्स चिकटवायचो आणि त्यांचे ९० दिवस त्या चिकटवलेल्या कागदावरून मोजले जायचे. शुक्रवार पेठेतल्या एका घरी मी वॉरंट घेऊन गेलो तेव्हा त्या गृहस्थांनी मला कापडात बांधलेली सगळी रक्कम काढून दाखवली. पैसे होते. फक्त ज्या दिवशी भरायचे तो दिवस निघून गेला होता. त्यांचं देवघर मी स्वतः उचलून बाहेर ठेवलं. त्या रात्री मला घास गिळवला नाही. म्हणून सांगतो, कागद आला की घ्यायचा, पाकिटावर तारीख घालायची आणि पाकीटही जपायचं.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेव.

खोल्यांना कुलूप लावून दुसरीकडे राहायला जाऊ नकोस. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसणं हे ताबा मागायचं एक कारण आहे.

पाणी, वीज, संडासचा रस्ता मालकाला तोडता येत नाही. तोडला तर कलम २९ खाली कोर्टात अर्ज करायचा, कोर्ट पूर्ववत करून द्यायचा हुकूम देतं. फोटो काढून ठेव, तारखेसह.

तिसरी गोष्ट वाड्याची. असे मालक पुढच्या पावसाळ्यात महापालिकेकडून धोकादायक इमारतीची नोटीस आणतात. वाडा खरंच धोक्याचा असेल तर मुलासह त्यात राहू नकोस, जीव आधी. पण बाहेर पडण्याआधी तुझ्या ताब्यातल्या खोल्यांचं माप आणि क्षेत्र महापालिकेकडून लेखी घे. सांगलीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं आहे की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क पडत नाही.

नोटिशीला उत्तर वकिलाकडूनच दे. पैशांची चिंता नको. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. उत्तरात एक वाक्य राहता कामा नये: कायद्याप्रमाणे होणारं भाडं आणि वाढ द्यायला मी तयार होते, तयार आहे. सगळा कायदा त्या तयारीवर उभा आहे.

माजघर

काका, तुमचं उत्तर मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं. देवघरापाशी आल्यावर मला पुढे वाचता येईना, मग त्याने वाचलं.

काय काय झालं ते लिहिते, पुढे कोणाला उपयोग होईल.

रविवारी डबा जमिनीवर उलटा केला आणि पावत्या वर्षाप्रमाणे लावल्या. १९६२ ची पहिली पावती हाताने फाडलेल्या वहीच्या कागदावर आहे, मालकांची सही मोडीत. १९७८ च्या दोन वाळवीने खाल्ल्या आहेत, बाकी सगळ्या नीट. सासूबाईंनी प्रत्येक वर्षाचा गठ्ठा लाल लोकरीने बांधलाय. जानेवारी ते मार्च २००० ची पावती सापडली: महिना ९५ रुपये. मुलाने लगेच हिशेब केला. मूळ रकमेवर ४ टक्के धरले तर २५ वर्षांनी १९० होतात. वाढत्या रकमेवर धरले तर २५३ रुपये २५ पैसे. तो आकडा बघून मी बराच वेळ तशीच बसले होते.

सोमवारी दुपारी सुट्टी काढून विधी सेवा प्राधिकरणात गेले. अर्ज, आधारची प्रत, नोटिशीची प्रत एवढंच लागलं. ज्या वकीलबाई मिळाल्या त्यांनी नोटिशीच्या आधी तो ११ महिन्यांचा करार मागितला. वाचून खाली ठेवला आणि विचारलं, "सही केली नाहीत ना?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा निवळला. नवा मालक खरंच मालक आहे का, हे बघायला त्यांनी नोंदणी कार्यालयातून इंडेक्स टू आणि सिटी सर्व्हेचा उतारा काढायला सांगितला. काढला. खरेदी एप्रिलचीच आहे.

त्यांचा सल्ला असा होता की १४० आणि २५३ यांचा वाद आत्ता घालायचा नाही. जास्तीत जास्त जे होऊ शकतं ते द्यायचं, आपला हक्क राखून. म्हणून २५४ रुपयांप्रमाणे एप्रिल ते ऑगस्ट पाच महिन्यांचे १,२७० रुपये मनीऑर्डर केले. निरोपाच्या जागेत लिहिलं: "शनिवार पेठेतील दोन खोल्यांचे भाडे, एप्रिल ते ऑगस्ट, कायदेशीर वाढीसह, हक्क राखून." जागा कमी होती, बारीक अक्षरात बसवलं. खिडकीवरचे पोस्टातले भाऊ म्हणाले, आता कोण मनीऑर्डर करतं बाई, गुगल पे करा ना. मी म्हटलं, मला पावतीच पाहिजे.

नोटिशीचं उत्तर स्पीड पोस्टाने गेलं. त्यात सासूबाईंसोबत मी राहत असल्याचे कागद जोडले: २००९ चं रेशन कार्ड, ज्यात आमची चौघांची नावं आहेत, आणि मुलाचा पहिलीचा दाखला.

तो माणूस पुन्हा आला होता, कराराचं विचारायला. मी दारातच सांगितलं की उत्तर वकिलांकडून गेलंय, पुढचं बोलणं तिकडे. या वेळी चहा विचारला नाही. त्याचं मला थोडं वाईट वाटलं, तो काही मालक नाही. जाताना चौकातल्या नळाकडे बघत म्हणाला, पाइपलाइनचं काम काढणार आहेत. मी त्याच संध्याकाळी नळाचे, मीटरच्या फळीचे आणि जिन्याचे फोटो काढले, शेजारी त्या दिवसाचा पेपर धरून. खालच्या काकूंनाही काढायला लावले. वाड्यात अजून चार बिऱ्हाडं आहेत, त्यातल्या तिघांकडे तोच करार पोचलाय. एकाने सही करायचं ठरवलं होतं, ते आता थांबलेत. काका, तुमचं उत्तर मी छापून त्यांना दिलंय, चालेल ना?

जुना बेलिफ

चालेल म्हणजे काय, दे सगळ्यांना. मनीऑर्डरचं काय झालं ते कळव.

माजघर

आज परत आली. पोस्टमन काकांनी दारात फॉर्म दाखवला, निळ्या पेनाने "घेण्यास नकार" आणि खाली तारीख. पैसे मोजून घेतले, फॉर्मची झेरॉक्स काढून वकीलबाईंना दिली आणि मूळ कागद डब्यात, यंदाच्या गठ्ठ्यात ठेवला. लाल लोकर संपली होती, मुलाने दप्तरातली सुतळी दिली. १ तारखेला सप्टेंबरच्या भाड्याची पुढची करते आहे.